कुरड्या आन वरच्या थरातली वीज

४ एप्रिल, शुक्रवार

आन मी म्हणते, कंप्युटर लागून गेला एवढा शहाणा, तर त्यानं माझ्या गच्चीवर येऊन बोलावं ना! तिकडं शहरात एसीत बसून माझ्या मशीनला खोटं ठरवतो. सरकारी संशोधन केंद्रातल्या अर्पिता मॅडमचा फोन आल्ता. म्हणल्या, मावशी, तुमच्याकडचं मोजमाप कंप्युटर घेतच नाहीये, बाजूला टाकतोय. मी म्हणले, बाजूला म्हणजे? उष्टं हाय का ते?

याच मॅडम दिवाळीनंतर आमच्या वडीगोद्रीत मशीनसाठी गच्ची मागत हिंडत होत्या. धाकटी जाऊ दैवशाला, तिनं तोंडावर दार लावलं. मी हो म्हणले. खांबावर उपड्या टोपल्यावानी पांढरं मशीन बसवलं. मला समजावून सांगितलं. लई लई वर हवेचा एक थर असतो, उन्हानं त्यात वीज भरती. उपग्रहाचा सिग्नल त्यातून येताना रेंगाळतो. किती रेंगाळला त्यावरून वर वीज किती ते कळतं. कंप्युटर आधी नुसता अंदाज बांधतो, मंग गावोगावच्या मशीनचं मोजमाप बघून अंदाज सुधारतो. मी म्हणले, म्हणजे वरणात अंदाजानं मीठ टाकायचं आन चाखून बघायचं. मॅडम म्हणल्या, अगदी बरोबर! तवाच मी ओळखलं, हे काम माझ्याबिगर व्हायचं न्हाई.

तवापासून बचत गटात मला खुर्ची मिळती. दैवशाला जन्मात पहिल्यांदा गप बसली. आन आता हा कंप्युटर मधी तोंड घालून राह्यला.

ठरवलं: बिलकुल ऐकून घ्यायचं न्हाई.

५ एप्रिल, शनिवार

मॅडमनी विचारलं, गच्चीवर नवीन काही ठेवलंय का? काय न्हाई म्हणले. कुरड्या टाकल्यात, पण कुरड्या काय नव्या हायेत? दर साली असतात. मोडक्या गोठ्याचे पत्रे मशीनच्या भोवती हांतरले, पत्र्यावर कुरडई कशी खडखडीत वाळती. चिमण्या हाकलायला खांबाला स्टीलची ताटं टांगली, वाऱ्यानं वाजतात. हे सांगितलं न्हाई. घरातल्या गोष्टी सरकारी माणसाला कशाला?

दुपारी: माझ्या ध्यानात आलं. मशीनला सिग्नल कमी पडून राह्यला. टीव्हीची छत्री गोळा करून देती ना, तसं आपण गोळा करून द्यायचं. मॅडम एवढं शिकल्या, हे सुचलं न्हाई.

६ एप्रिल, रविवार

लग्नातल्या पितळी पराती चिंचेनं घासल्या आन खांबाला बांधल्या, तोंड आभाळाकडं. आमचे हे, इंद्रभान, खालून म्हणले, आसरे, उपग्रहाला जेवायला बोलवलंस का? मी लक्ष दिलं न्हाई. या माणसाला रिमोटचे सेल बदलता येत न्हाईत.

८ एप्रिल, मंगळवार

फोन. मावशी, आणखी बिघडलं म्हणल्या. मी म्हणले, तुमचा अंदाजच आळणी असंल, चाखणारीवर कशाला कावता? तर म्हणल्या, आणि चमच्यालाच आधी मीठ लागलेलं असेल तर?

फोन कट केला. माझ्या घरातला चमचा काढती!

१० एप्रिल, गुरुवार

मॅडम आल्या. चहा न घेता सरळ वर. पत्रे, ताटं, पराती बघून कपाळ धरून खाली बसल्या. ऊन लागलं असंल. मंग म्हणल्या, वरून आलेला सिग्नल पत्र्यावर आणि परातीवर आपटतो आणि परत मशीनमध्ये शिरतो. एकच निरोप दोनदा, दुसरा उशिरा. मशीनला वाटतं, वरच्या थरानंच उशीर केला. हे सगळं काढा मावशी, नाहीतर जागा बदलावी लागेल.

काढलं, समोर काढलं. गाडी हायवेला लागली की परत मांडलं. गव्हाचा चीक काय संशोधनासाठी थांबतो? पराती तेवढ्या लावल्या न्हाईत. माझ्यात बी समजूतदारपणा हाय.

१३ एप्रिल, रविवार

फोन. म्हणल्या, गुरुवारी मी होते तेवढा वेळ मोजमाप सोन्यासारखं आलं, पत्रे परत टाकले ना? मी म्हणले, न्हाई. म्हणल्या, मावशी, ग्राफमध्ये दिसतंय.

चुगलखोर मशीन! सासरी एवढी वर्सं काढली, पण अशी चुगली कुण्या नणंदेनं केली न्हाई.

मंग मी बी सुनावलं. एक तर कंप्युटरला समज द्या, न्हाई तर मशीन उचला. येतील आता पाया पडत. आख्ख्या गावात गच्ची देणार कोण?

१५ एप्रिल, मंगळवार

पाया पडायला आल्या समजून मी चहा टाकला. चहाला उकळी फुटेस्तोवर मशीनसगट खांब सुटला.

गच्ची दैवशालानं दिली. तिच्या गच्चीवर काय बी नसतं, कुरड्या विकत आणती. आळशी बाईची गच्ची विज्ञानाला चालती! भिंतीवरून वाकून म्हणली, आक्का, तुमचे पत्रे जरा पल्याड सरकवा, आमच्या मशीनला तरास होतो.

आमच्या मशीनला!

सरकवले न्हाईत. सावली आली म्हणून नंतर सरकवले.

१९ एप्रिल, शनिवार

बचत गटात खुर्चीवर दैवशाला. मॅडमनी तिच्या मोबाईलवर वरच्या थराचा रंगीत नकाशा पाठवला होता. खालचा मजकूर तिनं मोठ्यानं वाचला: आधीच्या गच्चीवरचं मोजमाप पूर्ण काढून टाकलं, तुमचं घातलं, आता अंदाज जुळतोय. आभारी आहे.

घरी सांगितलं तर हे म्हणले, म्हणजे एवढे दिवस आभाळ तुझ्यामुळंच चुकत होतं म्हण की. आन वरून कुरडई मागितली तळून.

आता सरळ विचारते. तिची गच्ची आन माझी गच्ची, मधी एक भिंत. भिंतीच्या अलीकडचं आभाळ खोटं आन पलीकडचं खरं, हे कसं काय? पत्र्याचं सांगू नका, पत्र्याचं ऐकलं मी. आभाळाचं सांगा. मला सोमवारपर्यंत उत्तर पाह्यजे. मॅडम फोन उचलत न्हाईत, म्हणून इथं लिहून ठेवलं. सोमवार म्हणजे सोमवार.