चाळीमागची पाणकोंबडी

११ ऑगस्ट १९५७
पिल्लं निघाली! काळीभोर, काजळात बुचकळल्यासारखी. पाणकोंबडी पुढे, शेपटी उडवत, आणि मागे ही सगळी पलटण — चाळीमागच्या डबक्यात. मी आणि मामंजी खिडकीतच. भात करपला. सगळी चाळ त्यांना नाना म्हणते आणि त्यांच्या जिभेला घाबरते. आज मुकाट्यानं जेवले!

१४ ऑगस्ट
शेजारच्या कमलाबाई — "बेडकांनी कान किटवले गं. मच्छर वेगळेच." खरंय त्यांचं. पण आमच्या परळात हिरवं म्हणावं असं आहे तरी काय दुसरं?

१८ ऑगस्ट
यांच्याशी भांडले. समितीची सभा दसऱ्याला चाळीमागे घ्यायची, म्हणून डबकं गिरणीच्या राखेनं बुजवायचं म्हणे!
"मुंबई हातची जातेय आणि तुम्हाला कोंबडीचं पडलंय?"
"ती पण मुंबईतच राहते," मी म्हटलं. कशी बोलून गेले कोण जाणे.
नाना खाटेवरून कडाडले — "मेल्या, पिल्लांका अजून पंख नाय फुटले! आणि ह्या पाणी काय बारा महिने ऱ्हवता? दिवाळीनंतर आपसूक आटता. तेव्हा घे तुझी सभा!"
हे अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

२१ ऑगस्ट
समितीत हे उभं राहून म्हणाले, सभा पुढे ढकलू. लोक हसले म्हणे. कुणीतरी "कोंबडीवाला" म्हणालं. मान खाली घालून सांगत होते मला. मी सोलकढी केली. दोन वाट्या प्यायले — तेव्हा कुठे जीवात जीव आला माझ्या.

२ सप्टेंबर
मांजरानं एक पिल्लू नेलं. नाना जेवले नाहीत.

८ डिसेंबर
झाली सभा! नाना म्हणाले तसंच — जमीन खडखडीत, भेगा पडलेल्या. लव्हाळ्याच्या जागी आम्ही बायका बसलो. माणूसच माणूस. नाना पहिल्या रांगेत. येईल त्याला सांगत होते — "हय घरटा होता, बाजूक बस." कुणाला काय कळणार! पण सरकून बसत होते बिचारे.
हे बोलले. आधी आवाज कापत होता, मग असा चढला की अंगावर काटा आला. छान बोललात, असं अजून यांना सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.

९ जुलै १९५८
डबकं भरलंय. ती परत आली! लव्हाळ्यात अंडी आहेत. हे माझ्याआधी उठून खिडकीत. "हवा खातोय," म्हणाले. हातातला चहा गार झालेला.

१५ जुलै
घरमालकाला तिथे गोदाम बांधायचंय. उद्या भरावाचे ट्रक येणार. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. हे चप्पल घालून तडक समितीत गेले. येताना चेहऱ्यावरून काही कळेना.

१६ जुलै
ट्रक आले. सगळ्यात आधी हे उतरले पाण्यात, धोतरासकट, आणि फतकल मारून बसले. मागून समितीतले ते हसणारेसुद्धा. कमलाबाईसुद्धा! ट्रक आज तरी परत गेले. यांना पोलिसांनी नेलं. गाडीत चढताना वळून मला ओरडले — घराचं नाही, नानांचं नाही, स्वतःचं तर नाहीच — "अगं, अंडी बघ!"