आज मी चोर होणार होतो

रविवार, १२ नोव्हेंबर १९९५, अमळनेर

आठवडाभर दवाखान्यात पुड्या बांधून जीव विटला, म्हणून संध्याकाळी भास्करकडे खेळायला गेलो. त्याच्या भावानं पुण्याहून झेरॉक्स करून आणलेला, गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा खेळ. वीस बाजूंचा फासा मिळत नाही, म्हणून आकडे लिहिलेल्या वीस चिंचोक्यांतला एक पिशवीतून काढतो. योद्धा, जादूगार, चोर, वैद्य, यांतलं एक व्हायचं. मी कंपाउंडर, म्हणून दर वेळी वैद्य. आज म्हटलं, मी चोर.

"वैद्यनं काम तुनंच शे, भाऊ," भास्कर म्हणाला. वैद्याचं काम माझंच, हे मी ऐकलं नाही.

मग खेळातल्या राक्षसानं भास्करच्या योद्ध्याला लोळवलं. चोरानं खजिना घेऊन पळायचं. पळायला माझं काय जात होतं? पण हातातला चिंचोका तसाच राहिला आणि तोंडून निघालं, "कुठं लागलंय?"

कुणी हसलं नाही. भास्करनं सवयीनं नाडी दाखवायला मनगट पुढे केलं.