माइकवर दिलेला शब्द

प्रिय वीरधवलराव यांस,

हंबीररावाचे अनेक आशीर्वाद. सांगलीत तुमची साखर आणि सौ. संयोगिताचे गुडघे ताळ्यावर असतील. माझी प्रकृती बरी आहे. (तुमची ताई रुसून तुमच्याकडे आल्यापासून मी स्वतःच्या हातचे खातो, तेव्हा ‘बरी’ हा शब्द सैल अर्थाने घ्यावा.)

भांडणाचे मूळ तिने सांगितले नसेल, मीही फोनवर पुरते सांगितले नाही. माझा शाळेतला बाकसोबती आकाराम भर पावसात गेला. आमच्या नदीकाठी नुसता उघडा कट्टा. माणसांनी सरणावर ताडपत्री धरली, तरी ते विझत राहिले. बर्फात बंदूक धरून उभा राहिलेला फौजी, त्याला गावच्या पावसाने धड जळू दिले नाही. रक्षाविसर्जनाला आपल्याकडे भाषणे होतात हे तुम्ही जाणताच. मला उभे केले. आम्ही दोघे वर्गात एका सुरात म्हणायचो ती पावसाचीच कविता मी म्हटली, आणि त्या भरात घरामागचा तुकडा स्मशानशेडसाठी देतो असे बोलून बसलो. कुणी मागितला नव्हता. (दुःखी माणसाच्या हाती माइक देऊ नये, त्याला कविता पाठ असतील तर मुळीच नाही.) सगळ्यांनी डोळे पुसले. तुमची ताई बायकांत बसली होती. तिने पुसले नाहीत.

शेड उभी राहिली ती तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. “आवं, फोडणीचा धूर कुठला आन् मढ्याचा कुठला, कळंना झालंय मला!” मी म्हटले, माझ्या पुस्तकांच्या खोलीत चूल हलवू. “धूर खोली बघून येतो व्हय?” म्हणाली, आणि पिशवी भरली. जाताना बजावले, जागा माघारी घ्याल तेव्हाच न्यायला या.

म्हणून तुम्हाला, घरच्या वकिलाला, फोन केला होता. तुम्ही सांगितलेत, आपल्याकडे मोबदल्याशिवायचा नुसता शब्द सहसा बांधत नाही. इंग्लंडात त्याला रीतसर दस्त लागतो. स्कॉटलंडात एकतर्फी वचनही बांधते, पण लिहून दिलेले हवे. मी तर तोंडीच बोललो होतो. तिन्ही मुलखांतून सुटलो म्हणून मी चहा टाकला. तेवढ्यात तुम्ही विचारलेत, “दाजी, तुमच्या शब्दावर विसंबून कुणी काही करून बसलंय का?” चहा उतू गेला. कारण सरपंच बिराप्पाने जुना कट्टा फोडून त्याचेच दगड नव्या शेडला लावलेत. मी चाचरत विषय काढला, तर म्हणाला, “तात्या, तुमी माघारी फिरलासा तर आमी मढी काय पारावर जाळायची व्हय?” अशा वेळी कोर्ट शब्द देणाऱ्याचेच तोंड धरते, त्याला मागे फिरू देत नाही, असे तुम्हीच म्हणालात. तरी एखादी पळवाट शोधा. या वयात मला बायको हवी आहे, पुण्य नको.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. पळवाट शोधू नका. काल आमच्या गल्लीतली रंगुबाई गेली. पाऊस कोसळत होता, पण शेडखाली ती एका काडीत पेटली. तिचा जोतीराम माझ्या पायरीवर बसून म्हणाला, “आई कोरडी गेली, तात्या.” मी चहा केला, तो कुणाला पिववला नाही.

ता. क. २. खरे काम हे. लग्नात गुरुजींनी ‘नातिचरामि’, म्हणजे हिला ओलांडून वागणार नाही, हे माझ्याकडूनच वदवून घेतले होते. तुमची ताई गप्प होती. म्हणजे तेही एकतर्फी, तोंडी, बिनमोबदल्याचे. पण त्यावर विसंबून तिने माहेर सोडले, माझ्या आईचे दुखणे काढले, माझ्या कविता ऐकल्या. तिला न विचारता घरामागे स्मशान आणले, तिथे मी तो शब्द मोडला. तिचे वकीलपत्र तुम्हीच घ्या. मी सगळे कबूल करतो. जागा तेवढी सोडवता येणार नाही. हे तिला वाचून दाखवा, आणि तरीही ती यायला तयार असेल तर कळवा. मी सांगलीच्या स्टँडवर येऊन उभा राहतो.