उजव्या खांद्यावरची पाकळी

आत्या, आज टाचेला भेग पडली आणि तुमचे पाय आठवले, म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली सून म्हणून तुम्ही मला चिडवायचात आणि पाहुण्यांना धाडायच्या चिठ्ठ्या माझ्याकडूनच लिहून घ्यायचात. तुम्हाला स्वतःला मात्र मी कधी एक ओळ लिहिली नाही. एकाच चुलीपुढं बसणाऱ्या सासूसुनेला कागद कशाला लागतो? पण तीस वर्षं एका चुलीपुढं बसूनही एक गोष्ट माझ्या तोंडातून निघाली नाही. तुम्ही गेल्यालाही आता तितकीच वर्षं होत आली.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या साली ते झालं. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कासार आंबोलीचं एक घर ह्यांना दुसरेपणावर मुलगी द्यायला तयार होतं. मामंजी तर सुपारी फोडायलाच निघाले होते. हे मान खाली घालून म्हणाले, आई म्हणेल तसं. नवऱ्याचं ते वाक्य मी अजून माफ केलेलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, की देवीला विचारल्याशिवाय या घरात काही व्हायचं नाही. कौल लावायचा. देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर सवत आणायची, डाव्या खांद्यावरची पडली तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. मामंजींनाही ते पटलं. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते?

चैत्रातला मंगळवार. सकाळी तुम्ही मला पुढ्यात बसवता आणि डोक्यावर तेल थापता, देवीपुढं कोरड्या केसांनी जाऊ नये म्हणून. होडीनं आपल्या गावाजवळच्या धरणाचं पाणी ओलांडून आपण घाटाच्या तोंडाशी असलेल्या देवीच्या गावाची वाट धरतो. तुम्ही पुढं, मी मागं. एरवी वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून तिच्या माहेरची चौकशी करणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी कुणापाशी थांबत नाही. सवत आली की आपलं काय होतं ते मला ठाऊक होतं. माहेरी भाऊ होता, पण त्याच्या दारात परत जाण्यापेक्षा धरण जवळ होतं. हे खोटं वाटेल तुम्हाला, पण होडीतून जाताना मी पाण्याकडं त्याच नजरेनं बघत होते.

देवळात गर्दी होती. नवस फेडायला आलेल्या बाया, नारळाच्या शेंड्यांचा ढीग, आणि शेंदरानं माखलेली ती काळी देवी. तिथली रीत अशी, की जिच्यासाठी कौल लावायचा तिनं देवळामागच्या टाक्यात जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवायच्या, दोन तळहातांवर एकेक धरून आणायच्या, आणि गुरवानं त्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. तुम्ही फूल माझ्या हातात दिलंत आणि बाहेर पाठवलंत. टाक्यावर मी एकटीच होते. भांगातून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल एका पाकळीच्या पाठीला चोळलं. तेलकट पाकळी दगडाला धरत नाही, हे काही मला चौथीच्या बाईंनी शिकवलं नव्हतं. डावी पाडायची, म्हणून ती मी डाव्या तळहातावर ठेवली. शहाणपणाची कमालच केली!

गुरवानं माझ्या डाव्या हातातली पाकळी उचलली आणि समोरच्या समोर चिकटवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. देवी आपल्याकडं तोंड करून बसलेली. आपल्या डाव्या अंगाला येतो तो तिचा उजवा खांदा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसं झालं. गुरव गाऱ्हाणं घालत होता, माझं नाव घेऊन देवीला विचारत होता, आणि मी हात जोडून त्या तेलकट पाकळीला विनवत होते की बाई, धरून राहा. पाकळीचं एक टोक सुटलं. तुम्ही माझा दंड धरलात, इतका घट्ट की पुढं आठवडाभर तिथं वळ होता. मग ती पाकळी सगळीच घसरली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवा दिला आईनं," गुरव म्हणाला. "आता पुन्हा इचारायचं न्हाई."

परतताना पाण्याच्या काठाला आपण होडीची वाट बघत बसलो. मी रडत होते. तुम्ही पायातल्या वहाणा काढल्यात आणि शेजारी ठेवल्यात. तुम्ही स्वतः दुसरेपणावर आलेल्या, हे मला माहीत होतं. मामंजींच्या पहिल्या बायकोला मूल नव्हतं आणि ती मी यायच्या आधीच वारली होती. तिच्याबद्दल तुम्ही कधी बोलला नव्हतात.

"थोरली गोठ्याच्या कडंला बसून जेवायची," तुम्ही म्हणालात. "मी वाढायची तिला. ते ताट मी पुन्ना वाढायची न्हाई. घरी मी बोलंन, तू त्वांड उघडायचं न्हाई."

होडी आली तेव्हा वहाणा तुम्ही तिथंच ठेवल्यात.

घरी मामंजी ओट्यावरच बसले होते. तुम्ही पायऱ्या न चढताच सांगितलंत, की डावा दिला, देवी नाही म्हणाली. आत गेलात आणि पीठ मळायला घेतलंत. मामंजी देवभोळे, त्यांनी कासार आंबोलीला निरोप धाडला. मी दाराआड उभी होते. त्याच घटकेला आत येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं, की आत्या, तुम्ही देवीचा शब्द मोडलेला नाही, तो कौल देवीचा नव्हताच, माझ्या डोक्यावरच्या तेलाचा होता. मी आत आले आणि निमूट तवा ठेवला.

मूल मला झालंच नाही. तुम्ही त्यावरून कधी टोचलं नाहीत; भाकरीवरून मात्र रोज टोचलंत. पायात पुन्हा काही घातलं नाहीत. दर चैत्रात अनवाणी देवीला जाऊन यायचात, मला नेत नव्हतात. म्हैस दगावली, मामंजींचा पाय मोडला, एका साली भात पाण्यात गेलं, प्रत्येक वेळी तुम्ही आधी माझ्याकडं बघायचात आणि मग देव्हाऱ्याकडं. संध्याकाळी तुमच्या फुटलेल्या टाचांना मी कोकमाचं तेल चोळायची. रक्त यायचं. तेव्हाही सांगता आलं असतं.

शेवटच्या आजारपणात तुम्ही पडवीत पडून होतात. दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि विचारलंत, "देवीनं मला माफ केलं आसंल का गं?"

"व्हय, आत्या," मी म्हणाले.

"तुला काय ठावं?"

मला ठाऊक होतं, आत्या. साऱ्या जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. मी तुमच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि पेज आणायला उठले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे पत्र कुठं टाकायचं? आणि पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तुमच्या रागाला भिऊन मी गप्प बसले. तुम्ही रागावला असतात हे खरं, पण मी त्याला भीत नव्हते. माझ्यासाठी कुणी देवीशी वाकडं घेतलं, याहून मोठं माझ्या आयुष्यात काही घडलं नाही. खरं सांगितलं असतं तर तेवढंही माझ्यापाशी उरलं नसतं, म्हणून मी तुम्हाला अनवाणी चालू दिलं.