‘लेक लाइट’चा ‘ग्लेन’ कसा झाला

पोर्ट केलर, ओहायो
१४ सप्टेंबर

ती. लोरेनमावशीस वेंडेलचा नमस्कार. तुझा नवा गुडघा जिना चढू लागला असेल आणि नॉर्बर्टकाकांचं कानातलं यंत्र शिट्या मारायचं थांबलं असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडे नावापुरते ठीक. पण नाव कोणतं, हेच सध्या कळत नाही.

गेली सव्वीस वर्षं (नेमकं सांगायचं तर सव्वीस वर्षं चार महिने) मी सकाळी सहा ते दहा रेडिओवर मवाळ गाणी लावतो. कॉलेजात न जाता, तबकड्यांच्या पाकिटांवरचा बारीक मजकूर वाचून शिकलो. कोणत्या गाण्यात गायक कितव्या सेकंदाला तोंड उघडतो, ते मला विचारावं. एवढ्या काळात आमचं स्टेशन आधी ‘लेक लाइट’ होतं, मग ‘वॉर्म’, मग ‘मिक्स’. मार्चमध्ये मालकांनी अटलांटाहून सल्लागार आणला. नाव ब्रेंट, वय एकतीस. त्यानं आल्या आल्या भिंतीवर एका बाईचा फोटो चिकटवला. म्हणाला, “ही मिशेल. अडतीस वर्षांची, दोन मुलं, एक व्हॅन. आपण फक्त हिच्याशी बोलायचं.” मी विचारलं, “राहते कुठे?” तर म्हणतो, “वेंडेल, अशी बाई नाहीच आहे!” आणि या नसलेल्या बाईला आवडत नाहीत म्हणून चारशे बारा गाणी बाद झाली (यादी माझ्यापाशी आहे). सॅक्सोफोन तर तिला मुळीच खपत नाही.

जुलैत स्टेशनचं नाव ‘ग्लेन’ ठेवायचं ठरलं. होय, माणसाचं नाव. त्याआधी लोकांची उत्सुकता ताणायची म्हणून भर उन्हाळ्यात चार दिवस नाताळची गाणी, आणि निवेदकानं चकार शब्द काढायचा नाही (धंद्यात ही रीत जुनीच आहे). तिसऱ्या दिवशी मासळीवाल्या डोरीनचा फोन: “काय रे, मेलास की काय? तसं असेल तर सांग बाबा, घरच्यांना जेवायला कॅसरोल करून आणते.” पाचव्या दिवशी माइक उघडला आणि एका दमात माझ्या तोंडून गेलं, “सुप्रभात, आपण ऐकत आहात लेक लाइट वॉर्म मिक्स ग्लेन.” काचेपलीकडे ब्रेंट लालबुंद. या हंगामाच्या श्रोत्यांच्या मोजणीत मिशेलसारख्या बायका सापडल्या नाहीत, तर माझ्या जागी कॉम्प्युटर बोलणार आहे. त्याला सर्दी होत नाही म्हणे.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा,
वेंडेल

ता. क. श्रोते मोजणाऱ्यांची वही तुझ्याकडे आल्याचं कळलं. आठवडाभर काय ऐकलं ते तिच्यात लिहायचं असतं, आणि अख्ख्या परगण्यात अशा वह्या मोजक्याच जातात. खोटं लिही असं मी जन्मात म्हणणार नाही. सहा ते दहा रेडिओ नुसता चालू ठेव. काका यंत्र काढून बसले तरी हरकत नाही.

ता. क. २. वयाच्या रकान्यात एक्क्याऐंशी पाहिलं की ब्रेंट ते पान उलटतो. तुझ्याच घरात राहणारी तुझी सून पॅम मात्र अडतीसची आहे. मुलं दोन, आणि व्हॅनही आहे. वही घरातल्या प्रत्येकाला वेगळी मिळते; तिची तिलाच भरू दे. तिला सॅक्सोफोन आवडतो, हे कुठे बोलू नकोस.

ता. क. ३. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात ब्रेंट डोकावून ‘ग्लेन’बद्दल फेरविचार चालू आहे असं सांगून गेला. पॅमला म्हणावं, बाकी सगळं शाईनं लिही, स्टेशनचं नाव पेन्सिलनं.