वेगळ्या लक्ष्म्या

प्रिय उज्वला,

पत्र बघून हसशील. फोनच केला असता, पण फोन हातात घेतला की हे शेजारी येऊन बसतात आणि मग मी तुझ्याशी नुसतं पाऊसपाण्याचं बोलते. म्हणून शाळेत, ऑफ तासाला बसून लिहितेय. इकडं चाकूरला सगळं बरं आहे. सिंधूची कंबर मात्र अजून धरलेलीच. तिचा गावाकडून निरोप आलाय, यंदा लक्ष्म्यांना येणं व्हायचं न्हाई म्हणून. म्हणजे तिघी जावांतली मी एकटीच चुलीपुढं. त्यात परवा तुझ्या हरिओमचा यांना फोन आला, यंदापासून आमच्या लक्ष्म्या नांदेडला वेगळ्या मांडू द्या. हे म्हणाले, "मी हाय तंवर घरच्या लक्ष्म्या फुटणार न्हाईत," आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर तुझा फोन नाही. तू कशी आहेस ते मला ठाऊक आहे. थोरल्या घरानं दिल्याशिवाय तू मांडायची नाहीस, आणि मानानं बोलावल्याशिवाय इकडं पाऊलही टाकायची नाहीस. महालक्ष्मीच्या सणाला तू तिकडं नांदेडला, विष्णुपुरीच्या त्या खोल्यांत रिकाम्या पाटापुढं बसणार, हे काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

काल नववीला एकसर जोडणी शिकवत होते. सगळे दिवे एकामागं एक, वाट एकच. सगळ्यांतून धारा तीच जाते, विजेचा दाब तेवढा सगळ्यांत वाटला जातो. एक दिवा उडाला की वाट तुटली, सगळा अंधार. इतकी वर्षं शिकवतेय की झोपेतही सांगेन. पण काल फळ्यावर आकृती काढता काढता हात थांबला आणि गेल्या वर्षीची माळ आठवली. पोरांना वाटलं, बाई विसरल्या.

हरिओमनं कॉलेजात असताना बारक्या दिव्यांची ती माळ स्वतः जोडली होती. दरवर्षी लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी ती हटकून बंद पडायची. मग तो मांडी घालून बसायचा, एक चांगला दिवा घेऊन प्रत्येक जागी लावून बघायचा, आणि तू शेजारी टेप फाडत त्याच्याशी हुज्जत घालायचीस. बाजारातून नवी आणा की, दहा मिनिटांचं काम! तुमचं ते भांडण कानावर पडल्याशिवाय मला सण आल्यासारखा वाटायचा नाही. गेल्या वर्षी तुझ्या अक्षराला डेंगू झाला, तुम्ही दोघं दवाखान्यात, आणि इकडं माळ नेमकी बंद. यांनी उडालेला दिवा शोधला, कात्रीनं तोडून टाकला आणि वायरीची टोकं पिळून जोडली. मी म्हटलं, त्या जागी दुसरा दिवा बसवा, एक कमी झाला की त्याच्या वाटणीचा दाब बाकीच्यांवर पडतो. तर म्हणाले, "मास्तरीणबाई, शाळा शाळंत." बटण दाबलं आणि माळ पहिल्यापेक्षा लखलखीत. सगळ्यांनी वाहवा केली. त्या तोऱ्यात हे भरल्या घरात बोलून गेले, "कोनावाचून काई अडत न्हाई. उलट उजेड जास्ती पडलाय." सिंधूचा शेषेराव तेव्हाच, बिचारा चांगल्या मनानं, तुम्हाला लक्ष्म्या दाखवाव्यात म्हणून मोबाइल धरून उभा होता. तुम्ही ते ऐकलंत. स्क्रीनवर मला तुझा चेहरा दिसला आणि मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक दिवा उडाला. यांनी तोही तोडला. उजेड आणखी वाढला, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी अख्खी माळ जळून गेली. सिंधूचंही त्याच दिवशी झालं. पुरणाचं पातेलं दरवर्षी तुम्ही दोघी मिळून उतरवता. ती एकटी उतरवायला गेली आणि जी वाकली ती सरळ झालीच नाही. मला फार वाईट वाटतं गं. माळेचं नव्हे, माळ मेली तर मेली. तू नव्हतीस याचं कुणाला वाईट वाटलं नाही, असं तुला वाटलं असणार, याचं वाईट वाटतं.

वर्षभर मी आशेवर होते, हे एकदा तरी म्हणतील, लेकराची तब्येत कशी हाय, विचार की. रात्री जेवताना तुझं नाव काढून बघायचे. हे फक्त ताट पुढं सरकवायचे. माणूस वाईट नाही, तुलाही माहीत आहे. लग्नानंतर तुझी पहिली आमटी समुद्रासारखी खारट झाली होती, तेव्हा दोनदा मागून घेणारे हेच होते. पण बोललेला शब्द मागं घेणं या माणसाला जमत नाही, आणि आता जमेल असं वाटत नाही. मी वाट बघणं सोडलंय.

पत्राचं कारण आता सांगते. आत्याबाई गेल्या त्या साली त्यांनी मला, थोरल्या सुनेला, जवळ बसवून आपल्या घरची रीत सांगितली होती. लक्ष्म्या वेगळ्या करायच्या तर विचारायचं घरच्या कारभाऱ्याला, पण दाणे द्यायचे थोरल्या सुनेनं. जुन्या लक्ष्म्यांच्या पोटात भरून ठेवतो त्यातले मूठभर गहू थोरलीच्या हातून धाकटीच्या ओटीत पडले की झालं. काल यांना जेवताना ते सांगितलं. या वेळी ताट पुढं सरकवलं नाही, शेवटच्या घासापर्यंत ऐकून घेतलं. शनिवारी अहमदपूरवरून नांदेडची गाडी धरते. गहू पदरात बांधून आणते, तुझी ओटी भरते आणि लगेच परत फिरते, कारण इकडच्या मला एकटीलाच उभ्या करायच्या आहेत. एकदा दाणे दिले की तुला इकडच्या लक्ष्म्यांचं काही करता येणार नाही. तू इथं पाहुणी, मी तुझ्याकडं पाहुणी. समजून उमजून देतेय. तुझ्याशिवाय माझं किती अडतं, हे सांगायला दुसरा मार्ग उरला नाही. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला मला बोलाव. तुझ्या घरात पदर न खोचता नुसतं बसून कसं राहायचं, तेवढं मला शिकावं लागेल.

तुझीच,
चांगुणाताई