उंदरांचे कान तपासून मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वैद्यकीय संशोधन संस्था.

विषय : पिंजरा क्र. १ ते १२ मधील मृत उंदीर शुक्रवारी न जाळण्याबाबत.
संदर्भ : माझे परत आलेले दोन अर्ज.

महोदय,

मी आपल्या प्राणीगृहात एकोणीस वर्षे मदतनीस आहे. उंदरांना दाणापाणी देणे व पिंजरे धुणे हे माझे काम.

१. अवयवांत अमायलॉइड नावाचे चिकट प्रथिन साचलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. पिंजरा १ ते ६ मधील उंदरांच्या भक्षक पेशी इंजेक्शनने मारल्या, ७ ते १२ मधील तशाच ठेवल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी मी उंदीर धुतलेल्या पिंजऱ्यांत हलवून ओळीने गाडीवर ठेवले. दारातून गाडी उलटी वळली आणि पिंजऱ्यांची क्रमांकाची कार्डे मी सवयीने डावीकडून लावत गेलो. बाराव्याला पहिल्याचे कार्ड लागले, पहिल्याला बाराव्याचे. चूक सर्वस्वी माझी.

२. पेशी मारल्याने अमायलॉइड घटले, असे अहवाल म्हणतो. घटले ते पेशी शाबूत असलेल्यांचे. त्या पेशीच घाण खात होत्या. मी सातवी शिकलेलो, पण सफाई कोण करतो एवढे मला कळते.

३. पहिल्या सहांच्या डाव्या कानाला खाच आहे, बाकीच्यांच्या उजव्याला. मृत उंदीर पिशव्यांत भरताना खाचा उलट दिसल्या, तेव्हा कार्डे उलटल्याचे कळले. पिशव्या अजून शीतपेटीत आहेत. कान पाहायला पाच मिनिटे पुरतील.

४. पहिला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने परत आला. दुसरा, मी लिहिलेले पिंजरा क्रमांक अहवालाशी जुळत नाहीत म्हणून. साहेब, ते जुळत नाहीत हीच माझी तक्रार आहे. सोबती म्हणतात, हात दाखवून अवलक्षण कशाला? नोकरी गेली तरी चालेल, परंतु पुढील कारणास्तव गप्प बसवत नाही.

५. माझ्या थोरल्या बहिणीच्या हृदयात हेच अमायलॉइड आहे. या अहवालावरून तिच्या भक्षक पेशी मारण्याचे पहिले इंजेक्शन सोमवारी सकाळी दहाला आहे. तिला मी सगळे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अरे, तू चुकला असतास तर एवढ्या शिकलेल्या माणसांनी पकडलं नसतं का?"

मला उत्तर सुचले नाही. आपणांस सुचल्यास दहाच्या आत तिला कळवावे, ही विनंती. माझे ती ऐकत नाही.

आपला नम्र,
(सही)
मदतनीस, प्राणीगृह, खोली क्र. ३
दिनांक : १४, बुधवार

सोबत : परत आलेले अर्ज (२), बहिणीच्या संमतिपत्राची प्रत.